मुक्तीनंतरचा दुसरा उंबरठा

अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वैभवाची गोष्ट निघाली, की ती कापसापाशी सुरू होते आणि थोड्याच वेळात अमेरिकेत जाऊन पोचते. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलाच होता. कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, बाजार वाढले. त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावला १८७० मध्ये खास कापसासाठी रेल्वेचा फाटा मिळाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. 'पांढरे सोने' हा शब्द आपल्या तोंडी बसला तो याच दिवसांच्या आठवणीने.

हा इतिहास आपण भावाच्या आणि गाठींच्या हिशेबात सांगतो. पण ज्या युद्धामुळे इथला भाव चढला, ते युद्ध कशावरून पेटले होते, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. ते गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटले होते. तिकडच्या शेतात वाकून बोंडे वेचणारी बाई विकत घेतलेली होती. तिच्या श्रमाला मजुरी नव्हती आणि तिच्या मुलांवर तिचा हक्क नव्हता. तिच्या सुटकेचे युद्ध चालू असताना इकडच्या पऱ्हाटीत दुसरी एक बाई वेचणीला वाकली होती. तिला कोणी बाजारात विकत घेतले नव्हते. पण तिच्या श्रमाचा भाव ठरवण्यात तिला कितीसे स्थान होते? एक बाई कागदावर मुक्त झाली, दुसरी कागदावर गुलाम नव्हतीच. मग दोघींचे पुढे काय झाले? कायद्याने बेडी तुटल्यानंतर बाईला आणखी काय मागावे लागते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर एका अमेरिकन गुलाम स्त्रीचे चरित्र आणि आपल्या अमरावतीच्या एका स्त्रीने भूषवलेले अध्यक्षपद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

मेंढरांबरोबर विकलेली मुलगी

न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात १७९७ च्या सुमारास एका डच जमीनदाराच्या मालकीत इझाबेला नावाची मुलगी जन्मली. 'सुमारास' म्हणायचे, कारण गुलामांच्या जन्मतारखा लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नसे. तिची मातृभाषा डच. नऊएक वर्षांची असताना मालकाच्या मरणानंतर लिलाव झाला आणि ती मेंढरांच्या कळपासह शंभर डॉलरला विकली गेली. नव्या मालकाची इंग्रजी तिला कळेना, म्हणून तिने फटके खाल्ले. पुढे ती आणखी दोनदा विकली गेली. शेवटचा सौदा १७५ डॉलरचा होता.

न्यूयॉर्क राज्याने ४ जुलै १८२७ रोजी गुलामांना मुक्त करण्याचे ठरवले होते. त्याच्या एक वर्ष आधीच तुला सोडतो, असा शब्द मालकाने इझाबेलाला दिला होता. वेळ आल्यावर त्याने शब्द फिरवला. तुझा हात दुखावला होता, काम कमी झाले, ही सबब. तिने उरलेली शंभरएक पौंड लोकर कातून दिली आणि १८२६ च्या अखेरीस एका पहाटे तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन ती निघाली. आपण पळून गेलो नाही, चालत गेलो, असे ती पुढे आवर्जून सांगत असे. मोठी मुले मात्र मागेच राहिली. कायद्याने त्यांना विशीपलीकडेपर्यंत मालकाची चाकरी करणे भाग होते.

त्यातच तिला कळले, की पाचएक वर्षांचा मुलगा पीटर याला राज्याबाहेर, थेट अलाबामात विकले आहे. अलाबामा म्हणजे कापसाचा मुलूख, जिथून गुलाम सहसा परत येत नसे. राज्याबाहेर अशी विक्री करणे न्यूयॉर्कच्या कायद्याने गुन्हा होता. लिहिता-वाचता न येणारी ही बाई कोर्टाची पायरी चढली आणि क्वेकर पंथाच्या काही सज्जनांच्या मदतीने १८२८ मध्ये तिने मुलगा परत मिळवला. गोऱ्या माणसाविरुद्ध खटला जिंकणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत तिची गणना होते. अंगावर वळ घेऊन परतलेल्या त्या पोराने भीतीपोटी आधी आईला ओळखही दिली नाही. या खटल्याचे मूळ कागद न्यूयॉर्क राज्याच्या दप्तरखान्यात पुन्हा हाती लागल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. म्हणजे त्या कागदांना उजेड दिसायला जवळजवळ दोन शतके जावी लागली.

१८४३ मध्ये तिने मालकांनी दिलेले नाव टाकले आणि स्वतः निवडलेले घेतले: सोजर्नर ट्रुथ. सत्य सांगत गावोगाव फिरणारी वाटसरू, असा त्याचा भावार्थ. ज्या बाईला मालक बदलला की नावही बदलून मिळे, तिने स्वतःचे नामकरण स्वतः केले, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडच्या कुणबिणी

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याकडे असे कुठे होते, असे कोणी म्हणेल. तर तसे नाही. त्याच १८४३ साली कंपनी सरकारने हिंदुस्थानातील आपल्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा पाचवा कायदा केला. नसलेल्या गोष्टीसाठी कोणी कायदा करीत नाही. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी पानोपानी भेटतात. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या भेट दिल्या जात, सरकारी कोठारांत आणि पागांत राबत. त्यांची मुलेही धन्याचीच मानली जात. म्हातारपणी किंवा मोबदला भरून सुटका झाल्याच्याही नोंदी सापडतात. त्या कागदांतून त्यांची किंमत कळते, काम कळते, क्वचित नावही कळते. त्यांना काय वाटत होते, हे मात्र कळत नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाचे कथन कोणी लिहून घेतले नाही. 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द मात्र आपल्या भाषेत शिवी म्हणून टिकून राहिले. ज्यांचे हाल झाले त्यांचीच शिवी व्हावी, यावरून समाज कोणाच्या बाजूने आठवण ठेवतो ते दिसते.

१८४३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या अमलात असल्याने तो कायदा इथे लागू नव्हता. माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती पुढे १८६० च्या दंडसंहितेने. पण विक्री थांबली म्हणून वेठ थांबली नाही. अस्पृश्यांच्या माथी गावाची हलकी कामे जन्मानेच मारलेली राहिली आणि ती कामे घरच्या बायांच्याही वाट्याला आली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले, ते उगाच नव्हे. तिकडची मुक्ती आणि इकडचे दास्य यांचा संबंध त्यांना तेव्हाच दिसला होता. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले, तेही हाच धागा धरून.

अर्थात दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे म्हणणे बरोबर होणार नाही. गुलामाला मालक असतो. अस्पृश्याला सारा गावच मालक होता आणि जबाबदार मात्र कोणीच नव्हता. म्हणूनच इथली बेडी दाखवणेही अवघड होते आणि तोडणेही.

आपल्याच माणसांपुढे उभे राहणे

सोजर्नर ट्रुथचे नाव ज्या भाषणामुळे जगभर झाले, ते तिने मे १८५१ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे स्त्रीहक्क परिषदेत केले. त्याची हकिगत बोलकी आहे. महिन्याभरात एका वृत्तपत्रात त्याचा साधा, सरळ वृत्तान्त आला होता. पण प्रसिद्ध झाला तो बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, एका गोऱ्या लेखिकेने आठवणीतून लिहिलेला पाठ. त्यात दक्षिणेकडील गुलामांची बोली या डच वळणाने बोलणाऱ्या बाईच्या तोंडी घातलेली आहे आणि जे प्रश्नार्थक पालुपद आज सर्वांना पाठ आहे, ते जुन्या वृत्तान्तात नाहीच. बाई मुक्त झाली, नाव स्वतःचे घेतले; तरी तिचा आवाज लोकांपर्यंत पोचला तो दुसऱ्याच्या लेखणीने बदलून. तिला हे ठाऊक असावे. म्हणूनच की काय, तिने आपली छायाचित्रे काढून घेतली, त्यांचे हक्क स्वतःच्या नावाने नोंदवले आणि ती विकून चरितार्थ चालवला. जिला इतरांनी तीनदा विकले, ती आता स्वतःची छबी स्वतःच्या भावाने विकत होती.

युद्ध संपले, १८६५ च्या अखेरीस गुलामगिरी घटनेने रद्द झाली. इथे एखादीने चळवळ आवरती घेतली असती. सोजर्नर ट्रुथने तसे केले नाही. वॉशिंग्टनमध्ये ट्रामच्या वाहकाने तिला ढकलून खांदा दुखावला, तेव्हा तिने त्याच्यावर खटला भरला. पण तिचे सर्वांत धाडसाचे बोलणे १८६७ मधले आहे आणि ते गोऱ्या मालकाविरुद्ध नाही. काळ्या पुरुषांना हक्क मिळाले आणि काळ्या स्त्रियांना मिळाले नाहीत, तर पुरुष त्यांचे नवे धनी होतील आणि परिस्थिती पूर्वीइतकीच वाईट राहील, असा इशारा तिने समान हक्कांच्या सभेत दिला. आपल्याच माणसांची चळवळ विजयाच्या जवळ आलेली असताना हे बोलणे सोपे नव्हते. 'आधी समाजाचे होऊ द्या, बायकांचे मागून पाहू' हा सल्ला तेव्हाही तयारच होता. १८७० मध्ये घटनेने मताचा हक्क दिला तो पुरुषांनाच. स्त्रियांना तो १९२० मध्ये मिळाला आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हाती प्रत्यक्षात यायला १९६५ चा कायदा व्हावा लागला. १८७२ च्या निवडणुकीत मत द्यायला गेलेल्या सोजर्नर ट्रुथला परत पाठवण्यात आले होते. मुक्त झालेल्यांना सरकारी जमीन द्यावी, या मागणीसाठी तिने गावोगाव सह्या गोळा केल्या. त्या अर्जाचेही काही झाले नाही. २६ नोव्हेंबर १८८३ रोजी ती वारली.

अमरावतीच्या सुलोचनाबाई

आता वऱ्हाडात येऊ. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीचे मंदिर खुले करावे, हा त्या वेळचा ज्वलंत प्रश्न होता. या हवेत वऱ्हाड-नागपुरातील अस्पृश्य स्त्रिया सभांना येऊ लागल्या, बोलू लागल्या. नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्या. नागपूरहून कामठीपर्यंत डोक्यावरून सामानाची ओझी वाहणारी ही बाई शिकली, शिक्षिका झाली, अस्पृश्य म्हणून नोकरी गेली, तेव्हा १९२२ मध्ये तिने चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले आणि जेवणाच्या वेळी अस्पृश्य स्त्रियांची पंगत वेगळी बसवण्यात आली. स्त्रियांच्या व्यासपीठावर जात आडवी आली. मग समाजाच्या व्यासपीठावर बाईपण आडवे येणार नाही, याची हमी कोणी द्यायची?

ती हमी या स्त्रियांनी स्वतःच मिळवायचे ठरवले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया हजर होत्या. स्वागताध्यक्ष होत्या नागपूरच्या कीर्तीबाई पाटील आणि अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ज्यांच्या आया-आज्यांना सार्वजनिक विहिरीवर उभे राहता येत नव्हते, त्या पंचवीस हजार बायांपुढे आपल्या अमरावतीची एक बाई अध्यक्ष म्हणून बोलायला उभी राहिली. तिने शिक्षणाचा आग्रह धरला आणि संततिनियमनाचा विषयही मांडला. १९४२ मध्ये भर सभेत हा विषय काढणे सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांनाही जड गेले असते.

पण त्याहून महत्त्वाचे आहेत परिषदेचे ठराव. नवऱ्याशी पटत नसेल तर बायकोला काडीमोडाचा कायदेशीर हक्क हवा. एकापेक्षा जास्त बायका करण्यास कायद्याने बंदी हवी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांतील कामकरी स्त्रियांना पगारी रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन हवे. गिरण्यांत बायांवर देखरेख करायला बाईच हवी. मुलींसाठी वसतिगृहे हवीत आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा हव्यात. या यादीतील पहिल्या दोन मागण्या पुन्हा वाचाव्यात. त्या सवर्णांकडे केलेल्या नाहीत, सावकाराकडेही नाहीत. त्या स्वतःच्या घरातल्या पुरुषाविषयी आहेत. सोजर्नर ट्रुथने १८६७ मध्ये जो दुसरा उंबरठा दाखवला, तोच सुलोचनाबाईंच्या परिषदेने ओलांडायला घेतला. त्यांचे भाग्य एवढेच, की त्यांच्या नेत्याने त्यांना थांबायला सांगितले नाही. समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, लग्नाची घाई करू नये आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीची व्हावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा, असेच बाबासाहेबांनी त्या सभेत सांगितले. 'गुलाम' हा शब्द तिथे वऱ्हाडी-नागपुरी घराच्या आतल्या कारभारासाठी वापरला गेला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढचा इतिहास ठाऊक आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. शेवटी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्या बंद केली आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. आज कोणत्याही जातीची हिंदू स्त्री ज्या कायद्याच्या आधाराने कोर्टात उभी राहते, त्यातल्या दोन मुख्य गोष्टी १९४२ मध्ये एका अमरावतीच्या स्त्रीच्या अध्यक्षतेखाली गिरणीतल्या, विडीच्या कारखान्यांतल्या, शेतातल्या बायांनी मागितल्या होत्या. हे ऋण आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या शहरांत चौक आहेत, पुतळे आहेत, शताब्द्या साजऱ्या होतात. पण सुलोचनाबाई डोंगरे हे नाव अमरावतीच्या शाळकरी मुलीला विचारून पाहावे. सोजर्नर ट्रुथचा अर्धपुतळा अमेरिकेच्या संसदभवनात बसला तो २००९ मध्ये, मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

वेचणीच्या बाईचा सातबारा

तरीही प्रश्न पुतळ्याचा नाही. प्रश्न आहे तो पऱ्हाटीत वाकलेल्या बाईचा. कापूस वेचणीचे काम वऱ्हाडात आजही मुख्यतः बायाच करतात. पाठ मोडेपर्यंत वाकायचे, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलून घ्यायची आणि कमरेच्या झोळीत साठलेल्या कापसाच्या वजनावर मजुरी घ्यायची, हा तिचा दिवस. वखरणी, फवारणी, मळणी ही पुरुषाची कामे, त्यांचा रोज जास्त. निंदणी, वेचणी ही बाईची, त्यांचा रोज कमी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. पण कामच 'बाईचे' आणि 'माणसाचे' असे वेगळे ठरवले, की तो शेताच्या बांधावरच अडतो. त्याच वर्षी वेठबिगारी रद्द करणारा कायदा आला. पण सालगडी ठेवला, की त्याच्या बायकोने गोठा झाडावा, शेण काढावे, हे जिथे गृहीत धरले जाते, तिथे त्या श्रमाला काय म्हणायचे? तो सौदा नवऱ्याशी झालेला असतो आणि तिचे काम त्यात फुकट धरलेले असते.

जमिनीचे तसेच. सोजर्नर ट्रुथला शेवटी कळून चुकले होते, की पायाखाली स्वतःची जमीन नसलेली मुक्ती दुसऱ्याच्या दारात उभी असते. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. पण तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव चढते ते बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्यापुरतेच. अमरावती, अकोला, यवतमाळच्या गावांत ज्यांच्या नवऱ्यांनी कर्जापायी जीव दिला, त्या बायांपैकी कितीजणींना शेत नावावर करून घेण्यासाठी सासरच्यांच्या आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या! नवरा गेल्यावर कर्ज तिचे होते, जमीन मात्र घराण्याचीच राहते.

यावर उपाय नाहीत असे नाही. १९८० चे दशक संपता संपता शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून देण्याचे आवाहन केले आणि अनेक गावांतल्या पुरुषांनी ते ऐकले. म्हणजे हे होऊ शकते. मग प्रत्येक ग्रामसभेत वर्षातून एकदा गावच्या सातबाऱ्यांवर किती बायांची नावे आहेत, हे मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे? वेचणीचा दर ठरताना वेचणाऱ्या बाया बैठकीत का नसाव्यात? वऱ्हाडच्या कॉलेजांत अमेरिकन युद्ध आणि कापसाचे भाव शिकवले जातात, तिथे २० जुलै १९४२ चे ठराव का शिकवले जाऊ नयेत?

दीडशे वर्षांपूर्वी एका गुलाम स्त्रीच्या मुक्तीच्या लढाईने वऱ्हाडच्या पेढ्या भरल्या. त्या पैशातून वाडे उभे राहिले, जिनिंग उभे राहिले. वेचणाऱ्या बाईच्या हाती त्यातले फारसे काही आले नाही. तिला आज मालक नाही, हे खरे. पण घरात, मजुरीत आणि सातबाऱ्यावर तिला बरोबरीची जागा मिळत नाही, तोवर सुलोचनाबाईंच्या परिषदेचे काम संपलेले नाही. यंदा वेचणी सुरू होईल तेव्हा काट्यावर कापूस मोजताना, तो वेचणारीला किलोमागे काय मिळाले आणि ज्या शेतात तिचे आयुष्य गेले त्याच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, एवढे दोन प्रश्न शेतमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वतःला विचारले, तरी सुरुवात होईल.